घराचीही एक वही हवी

भाकरी तव्यावर असेल तर असू द्या, शेंगा फोडत असाल तर फोडत राहा. कान तेवढा इकडे ठेवा.

मृग तोंडावर आला आहे. कुरडया, पापड, सांडगे डब्यांत गेले असतील. गोवऱ्या आणि सरपण आडोशाला लावायचं काही घरांत अजून राहिलं असेल. त्यातच बियाणं, खत, मुलांची दप्तरं, गळका पत्रा, सगळं एकाच पंधरवड्यात अंगावर येतं. गटाची बैठक आणि हप्ता तर ठरलेलाच. म्हणून आज बोलू या, कामाच्या या गर्दीत घराची घडी कशी बसवायची ते.

आधी एक हिशोब ऐका. आपल्या देशात सरकार वेळेचं सर्वेक्षण करतं. माणसाचा दिवस कुठे जातो, हे त्यात घरोघरी विचारलं जातं. २०२४ सालच्या सर्वेक्षणात असं दिसलं, की घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात. म्हणजे पाच तासांना अकरा मिनिटं कमी. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची जातात ८८ मिनिटं, आणि मुळात हात लावणारे पुरुष चारांत साधारण एक. या २८९ मिनिटांत शेतातलं काम नाही. जनावरांचं नाही. पाणी आणि सरपण आणणं नाही. लेकराबाळांचं, म्हाताऱ्यांचं करणंही वेगळं मोजलं आहे. तेव्हा "दिवसभर करते काय?" असं कुणी म्हणालं, तर हा आकडा सांगा.

पण या मिनिटांत एक काम मोजलेलंच नाही. ते म्हणजे ध्यानात ठेवणं. नळाला पाणी आज येणार की उद्या? शेताची लाइट या आठवड्यात दिवसा आहे की रात्री? सिलिंडर कधी लावला होता? धाकट्याची लस कधी? दळण कधी संपेल, गाय कितव्या महिन्यात आहे, आत्याबाईंच्या बीपीच्या गोळ्या किती उरल्यात? हात भांडी घासत असतात आणि डोकं हे सगळं घोळवत असतं. संध्याकाळी अंग दुखतं त्याहून डोकं जास्त शिणतं, ते यामुळे.

यात धोकाही आहे. घरातली बाई चार दिवस तापाने पडली की घर अडतं. ती बाळंतपणाला माहेरी गेली, की तिकडे फोन सुरू होतात. तिखटाचा डबा कुठे आहे? रेशनकार्ड कुठे ठेवलंय? डेअरीची पावती कुठे? आणि घर अडतं म्हणूनच आपण ताप अंगावर काढतो, दवाखाना पुढे ढकलतो. घर एकीच्याच डोक्यावर चाललं, की तिला आजारी पडायचीही सोय राहत नाही.

आता आपल्या बचत गटाकडे बघा. आपली पंचसूत्री काय सांगते? नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड, नियमित हिशोब. हे चालतं कशावर? वहीवर. कुणाची किती बचत, कुणाचा हप्ता थकला, मागच्या बैठकीत काय ठरलं, हे सगळं लिहिलेलं असतं. सचिवताई गावाला गेल्या तरी बैठक थांबत नाही, दुसरी कुणी वही उघडते. दहा-बारा घरांचा पैसा आपण वहीवर सांभाळतो. मग आपलं एक घर नुसत्या डोक्यावर का चालवायचं? घराचीही एक वही हवी.

ती कशी करायची, ते सांगते.

पहिले तीन दिवस फक्त लिहा. पहाटे उठल्यापासून जे जे काम कराल ते, आणि साधारण वेळ. झाडलोट, शेण, धारा, पाणी, चहा, डबे, सगळं. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला सांगा, तो लिहील. त्याला एक गंमतही कळेल, की आई दिवसाला किती कामं करते. हा कागद जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट, भिंतीवरचं कॅलेंडर. कालनिर्णय १९७३ साली निघालं, आणि तेव्हापासून कितीतरी घरांत ते चतुर्थी-एकादशी बघायला लागतं. दुधाचे खाडे आपण त्याच्यावर मांडतोच. आता बाकीच्या तारखाही त्यावर आणा. गटाची बैठक आणि हप्ता. सिलिंडर लावल्याचा दिवस. लसीचा दिवस. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो आणि दुसरा थेट सोळा महिन्यांनंतर. मधे इतके दिवस जातात, की दुसरा राहून जातो. म्हणून पहिला दिला त्याच दिवशी दुसऱ्याची खूण करून ठेवा. गाय भरवल्याची तारीख लिहा. खरिपाचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तर व्याजाची सवलत मिळते, म्हणून नवं कॅलेंडर आलं, की मार्चच्या पानावर खूण करा. अक्षर येत नसेल तर चित्र काढा. लसीला बाळ, हप्त्याला गोल, सिलिंडरला टाकी. कॅलेंडर चुलीजवळ लावू नका, सगळ्यांची नजर जाईल अशा ठिकाणी लावा.

तिसरी गोष्ट, कागदपत्रांची एकच पिशवी. रेशनकार्ड, आधार, पासबुकं, सातबारा, लसीचं कार्ड, शाळेचे दाखले. पावसाळा येतोय, तेव्हा जाड प्लॅस्टिकची घ्या आणि उंचावर ठेवा. प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स आतच असू द्या. आणि ती कुठे आहे, हे घरातल्या किमान दोघांना माहीत हवं. हीच रीत डब्यांना, विळ्या-खुरप्यांना आणि किल्ल्यांना लावा. वस्तूची जागा ठरली, की "अगं, कुठे ठेवलंय?" ही हाक कमी होते.

चौथी गोष्ट रात्रीची. झोपण्याआधी पंधरा मिनिटं उद्याची तयारी. भाजी निवडून ठेवणं, कडधान्य भिजत घालणं, खुरपं आणि पाण्याची बाटली दाराशी ठेवणं. सकाळी डेअरीची वेळ, नळाची वेळ आणि शाळेची वेळ एकमेकींवर आदळतात. तेव्हा वाचलेली पंधरा मिनिटं रात्रीच्या तासाएवढी असतात. बाहेरची कामंही जोडून घ्या. बँकेत जायचंच आहे, तर औषध आणि बियाणं त्याच फेरीत आणा. एसटीचं एक तिकीट वाचतं, अर्धा दिवस वाचतो.

आता पाचवी गोष्ट. ही सगळ्यांत अवघड, पण तिच्याशिवाय बाकीच्या चारांचा फारसा उपयोग नाही. कामं वाटून देणं. नुसतं नीटनेटकं केलं आणि करणारी एकटीच राहिली, तर वाचलेल्या वेळात आणखी एक काम येऊन बसतं. तो तीन दिवसांचा कागद आता काढा. रात्री जेवणं झाली की सगळ्यांसमोर वाचा. भांडणाच्या सुरात नाही, गटात हिशोब वाचतो तसा. मग एकेक काम एकेकाच्या नावावर करा.

इथे शब्द जपून वापरा. "जरा मदत करा" म्हटलं, की काम आपलंच राहतं. "अहो, सकाळचं दूध डेअरीला रोज तुम्हीच न्यायचं, पावतीही तुम्हीच जपायची," असं म्हणा. मग दुधाचं ध्यान ठेवणंही त्यांच्याकडे गेलं. सासूबाईंना हुकूम देऊन चालत नाही, मान राखून विचारावं लागतं. "आत्याबाई, तुमच्या हाताला निवडणं चांगलं येतं. धारा काढून येईपर्यंत भाजी तुम्ही बघाल का?" थोरला नववीत असेल तर दळण आणि पाणी त्याच्या नावावर. लेकीच्या नावावर जेवढं, तेवढंच लेकाच्याही. नाहीतर आपलं ओझं उतरेल, पण लेकीच्या डोक्यावर बसेल, आणि तिचा अभ्यास बुडेल.

पहिले आठ दिवस कामं बिघडतील. दळण जाडंभरडं येईल, अंथरुणाच्या घड्या वाकड्या होतील. होऊ द्या. आपण पुन्हा हात घातला, की काम परत आपल्याकडे आलंच म्हणून समजा. घरात कुणी बोलेलही, "आमच्या वेळी असं नव्हतं." त्यांना उलटून बोलू नका. त्यांच्या वेळी एका वाड्यात चार जावा असायच्या, आज एकटीवर येतं, एवढंच शांतपणे सांगा.

आणि शेवटी त्या कागदावर एक ओळ आपल्या नावाची लिहा. दुपारी किंवा संध्याकाळी अर्धा तास. पाठ टेकायला, दवाखान्यात जायला, गटाचा हिशोब बघायला किंवा नुसतं ओसरीवर बसायला. बाकीच्या ओळींसारखीच ही ओळही पाळायची.

पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली, की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीने एवढंच सांगायचं, की या आठवड्यात कोणतं एक काम दुसऱ्याच्या नावावर केलं. एकीने पाऊल टाकलं, की शेजारणीला धीर येतो. हप्ता भरायला आपण एकमेकींच्या जामीन राहतो, तशा यालाही राहू या.

मृगाचा पाऊस वेळेवर येवो, आणि आला तेव्हा तो बघायला दारात दोन मिनिटं उभं राहण्याएवढी सवड तुम्हाला मिळो.