घरची सायकल, घरचा कारागीर

बीड जिल्ह्याच्या पश्चिम भागांत, अहिल्यानगर जिल्ह्याच्या सीमेलगत, आष्टी हें तालुक्याचें गांव आहे. मुलूख अवर्षणाचा. पाऊस बेताचा, ऊन कडक आणि बांधोबांधीं बाभळीचीं व बोरीचीं झाडें. २३ सप्टेंबर २०२२ रोजीं अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथपासून नव्या आष्टी स्टेशनापर्यंतचा ६६ किलोमीटरांचा लोहमार्ग प्रवाशांस खुला झाला आणि आष्टीच्या दारीं आगगाडी आली. दूरचें जग त्यामुळें जवळ आलें, यांत शंका नाहीं. परंतु वाडीपासून शाळेपर्यंतचें आणि वस्तीपासून बाजारापर्यंतचें दोनतीन मैलांचें अंतर आगगाडीनें तुटत नाहीं. तें पायांनीं तोडावें लागतें, नाहीं तर सायकलीनें.

घरांत मोटारसायकल आली तरी ती वडील मंडळींबरोबर शेतावर किंवा कामावर जाते; आणि अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वीं तिचा परवानाहि मिळत नाहीं. शाळकरी मुलामुलींचें हक्काचें वाहन अद्यापि सायकल हेंच आहे. महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांत मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेंत जाण्यासाठीं सायकली देण्याची योजना आहे, ती याच विचारानें. पण सायकल हातीं आली म्हणजे काम संपलें, असें नव्हे. खरें काम तेथून सुरू होतें.

आष्टी तालुक्यांतील एखाद्या वाडीवरची सकाळ श्रोत्यांनीं डोळ्यांसमोर आणावी. मुलीनें दप्तर अडकविलें, सायकल बाहेर काढली, तों मागचें चाक बसलेलें. कांटा वाटेंत केव्हां रुतला, हें तिला कळलेंहि नव्हतें. हवा रात्रभर हळूहळू निघून गेली. दुरुस्तीचें दुकान तीन मैलांवर, आणि तेथपर्यंत सायकल न्यावयाची ती ढकलीतच. वडील म्हणतात, "आजच्या दिवस राहूं दे, पोरी, बाजारच्या दिवशीं नेऊं." बाजारच्या दिवशीं दुसरेंच काम निघतें. पंधरा दिवसांनीं पाहावें तों त्या सायकलीच्या दांडीवर धुणें वाळत असतें. बिघाड केवढा, तर मोहरीच्या दाण्याएवढ्या भोंकाचा. आणि त्याची नोंद होते शाळेच्या हजेरीपटावर!

सायकलीची घरगुती दुरुस्ती म्हणजे चार पैसे वांचविण्याची युक्ति, असा सर्वसाधारण समज आहे. तो खोटा नाहीं, पण अपुरा आहे. खरा प्रश्न पैशांचा नसून, घर आणि शाळा यांमधील वाट उघडी ठेवण्याचा आहे. शहरांतील कुटुंबांना हा प्रश्न आपला वाटत नाहीं, कारण तेथें दुकान कोपऱ्यावर असतें. तथापि शहरांतील कोणत्याहि चाळीच्या किंवा इमारतीच्या जिन्याखालीं नजर टाकावी. धुळीनें माखलेल्या, टायर चपटे झालेल्या सायकली तेथें उभ्या असतात. मोठा बिघाड एखाद्याच सायकलींत सांपडेल. बाकीच्या केवळ हवा भरावयाची राहिली म्हणून उभ्या राहिल्या आणि उभ्या राहिल्या म्हणून गंजल्या. दुकान जवळ असणें आणि सायकल चालती असणें, या दोन गोष्टी एक नव्हेत.

पहिला विचार अर्थातच हवेचा. जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानें १८८८ सालीं हवेच्या टायराचें पेटंट घेतलें. तेव्हांपासून सायकल हवेवर चालूं लागली, बसणाराचीं हाडें खिळखिळीं व्हावयाचीं थांबलीं, आणि त्याच वेळीं कांट्याशीं तिचें वैर जडलें. आष्टीकडे हें वैर विशेष तीव्र आहे. बाभळीचा कांटा लांब व सरळ; तो टायर भेदून थेट आंत उतरतो. सराटा हें जमिनीलगत पसरणारें तण. पावसाळा सरल्यावर त्याचीं फळें वाळतात, आणि तीं कशींहि पडलीं तरी एखादी अणी वर राहतेच. अशा मुलुखांत ज्या घरीं पंक्चर काढतां येत नाहीं, त्या घरीं सायकल आहे असें म्हणणें धाडसाचें होय.

चाक बसलें कीं लगेच टायर उपसूं नये. कित्येकदां दोष ट्यूबचा नसून व्हॉल्व्हचा असतो. साध्या सायकलीच्या व्हॉल्व्हवर एक बारीक रबरी नळी चढविलेली असते; ती उन्हानें कुजते किंवा चिरते. हवा भरून व्हॉल्व्हच्या तोंडावर ओलें बोट ठेवावें. बुडबुडा आला तर नळी बदलली कीं काम झालें. ही नळी इतकी स्वल्प किंमतीची आहे कीं दोनचार घरांत ठेवण्यास कोणाचीच हरकत नसावी.

व्हॉल्व्ह निर्दोष निघाल्यास टायराची एक बाजू चपट्या पट्ट्यांनीं रिमबाहेर काढावी. येथें पेचकस वापरण्याचा मोह टाळावा. त्याच्या धारेनें ट्यूबला दुसरें भोंक पडतें. ट्यूबमध्यें थोडी हवा भरून ती परातींतील पाण्यांत क्रमाक्रमानें बुडवावी. बुडबुडे जेथून येतील तेथें खूण करावी, जागा कोरडी करून कांचकागदानें घांसावी आणि सोल्यूशनचा पातळ थर द्यावा. नवशिक्याची घाई नडते ती याच ठिकाणीं. सोल्यूशन ओलें असतांनाच ठिगळ चिकटविलें, तर तें दुसऱ्याच दिवशीं सुटतें. सुमारें पांच मिनिटें थांबून, थर बोटाला ओला लागेनासा झाला म्हणजे मग ठिगळ बसवावें व जोरानें दाबावें.

एवढें झालें तरी निम्मेंच काम झालें. ट्यूब सांधली, पण कांटा टायरांतच राहिला, तर सारी मेहनत वायां जाते. ट्यूबवरील भोंक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे, तें पाहून टायराच्या त्याच भागाचा आंतून शोध घ्यावा. नंतर सबंध टायरांतून बोटें अगदीं हळू फिरवावीं. ट्यूबला दोन भोंकें शेजारीशेजारीं आढळलीं, तर तो कांट्याचा अपराध नव्हे. हवा कमी असतां चाक दगडावर आदळलें आणि ट्यूब रिमखालीं चिमटली, असा त्याचा अर्थ. म्हणजे दंड कमी हवेचा आहे. आठवड्यांतून एकदां पंपाला हात लावणें, हाच यावरचा उपाय.

दुसरें स्थान सांखळीचें, जिला सारे चेन म्हणतात. आष्टीसारख्या मुलुखांत आठ महिने धूळ आणि चार महिने काळ्या मातीचा चिकट चिखल, असे दोन शत्रू तिला आहेत. चेन करकरूं लागली कीं घरांतलें गोडें तेल तिच्यावर ओतण्याची पद्धत आहे. हें तेल कांहीं दिवसांनीं चिकट होतें, त्यांत धूळ कालवली जाते, आणि तो लेप कानशीप्रमाणें लोखंड झिजवूं लागतो. चेन प्रथम डिझेलनें किंवा रॉकेलनें जुन्या दांतघांसणीनें स्वच्छ करावी, पुसून कोरडी करावी आणि प्रत्येक सांध्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा. मग बाहेरून पुन्हां पुसावी. तेलाची गरज सांध्याच्या आंत असते. बाहेर राहिलेलें तेल केवळ धुळीला आमंत्रण देतें.

चेन बदलावी केव्हां, याचेंहि साधें गणित आहे. तिचे सांधे अर्ध्याअर्ध्या इंचावर असतात. एका खिळ्याच्या मध्यापासून चोविसाव्या सांध्यापर्यंत फूटपट्टीनें मोजल्यास नव्या चेनमध्यें बरोबर बारा इंच भरतात. त्यांत अर्ध्या सुताची, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाची वाढ झाली, कीं नवी चेन आणावी. एक सूत वाढेपर्यंत वाट पाहिली, तर तोंवर दांतेहि झिजलेले असतात, आणि एका वस्तूच्या जागीं तीन वस्तूंचा खर्च येतो. शाळेंतील अपूर्णांकांचा इतका प्रत्यक्ष उपयोग मुलांना क्वचितच दिसत असेल.

ब्रेकच्या बाबतींत मात्र काटकसर करूं नये. रबर झिजून त्यामागील लोखंड उघडें पडलें कीं ब्रेक रिम खरवडतो आणि चाक थांबवीत नाहीं. रिमला तेलाचा हात लागल्यानेंहि हाच परिणाम होतो. म्हणून चेनला तेल देतांना जपावें. पावसांत रिम ओली असते, तेव्हां सायकल थांबावयास अधिक अंतर लागतें. उतार लागण्याआधींच ब्रेक हलका दाबून रिमचें पाणी पुसून घेण्याची संवय मुलांना लावावी. पंक्चरमुळें मूल उशिरा पोंचतें. ब्रेक नादुरुस्त असला तर पोंचेलच, याची शाश्वति नसते.

चाकाचा प्रकार थोडा निराळा आहे. साध्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला बहुधा ३२ आणि मागच्या चाकाला ४० तारा असतात, कारण बसणाराचा व कॅरियरचा बहुतेक भार मागें पडतो. या तारा सारख्या ताणलेल्या असल्या तरच चाक सरळ फिरतें. एक तार तुटली कीं तिचा भार शेजारच्या तारांवर जातो. म्हणून तुटलेली तार त्याच आठवड्यांत बदलून घ्यावी. चाक उचलून फिरवावें आणि ब्रेकच्या रबराजवळ तें डावेंउजवें डुलतें कीं काय, तें पाहावें. ही परीक्षा घरीं करावी. उपाय मात्र कारागिराकडे सोंपवावा. तारा कमीअधिक आवळून चाक सरळ करण्यास दुकानांत 'आऊट काढणें' म्हणतात, आणि तें बोटांचें व कानाचें शास्त्र आहे. कोठें थांबावें हें कळणें, हाहि दुरुस्तीच्या विद्येचाच भाग होय. सांगाड्याला गेलेली चीर, वांकलेला पुढचा चिमटा, आंसाच्या कटोऱ्यांतून येणारा कडकड आवाज, हीं कामें जाणत्याचींच. ज्या घरीं छोटीं कामें होतात, त्या घरीं कारागिराच्या मोठ्या कामाची किंमतहि कळते.

एक बारकावा मात्र प्रत्येकानें ध्यानांत ठेवावा. सायकलीच्या उजव्या पायडलाचे आटे नेहमींचे, तर डाव्याचे उलटे असतात. चालतांना डावें पायडल आपोआप सुटूं नये, म्हणून ही योजना आहे. हें ठाऊक नसल्यामुळें कित्येक बलवान गृहस्थ डावें पायडल सोडविण्याच्या प्रयत्नांत तें अधिकच आवळतात आणि शेवटीं दोष लोखंडाला देतात!

या सर्व कामांस लागणारें साहित्य एका पिशवींत मावतें: पंप, दोनतीन पाने, एक पेचकस, दोन चपट्या पट्ट्या, कांचकागद, ठिगळें, सोल्यूशनची नळी, व्हॉल्व्हच्या रबरी नळ्या आणि तेलाची लहान कुपी. अडचण साहित्याची नाहीं. ती आहे हातांची. लिहित्यावाचत्या घरांत हाताला तेल लागणें कमीपणाचें समजण्याची खोड अद्यापि गेलेली नाहीं, आणि मुलीच्या हातीं पाना देणें तर अनेकांच्या मनांतच येत नाहीं. वास्तविक सायकल चालविते ती, वाटेंत अडते तीहि तीच. मग दुरुस्ती तेवढी दुसऱ्यानें करावी, यांत कोणता न्याय आहे?

महाराष्ट्रांत तरी या कामाला हीन लेखण्याचें कारण नाहीं. किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा आरंभ १८८८ सालीं बेळगांव येथील सायकलींच्या दुकानापासून झाला. पुढें त्याच घराण्याच्या कारखान्यांतून लोखंडी नांगर निघाले आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. प्रत्येक घरांतून कारखानदार निघावा, असा याचा अर्थ नव्हे. परंतु यंत्र उघडून पाहण्याचें भय ज्या हातांना उरत नाहीं, ते हात पुढें काय काय करूं शकतात, याची ही साक्ष आहे.

वर्षांतून एकदां सायकल पुरती उघडून, छर्रे धुऊन, नवें वंगण भरून पुन्हां जोडावी लागते. गांवोगांवच्या दुकानांवर या कामाचें नांव 'ओव्हरऑइलिंग' असें लिहिलेलें आढळतें. मूळ इंग्रजी शब्दाचा तो अपभ्रंश आहे. पण अर्थाच्या दृष्टीनें पाहतां फारसा चुकलेला नाहीं. या कामाला योग्य काळ पावसाळ्याच्या अखेरचा, आणि नेमका त्याच सुमारास आपल्याकडे खंडेनवमीचा दिवस येतो. त्या दिवशीं हत्यारांची व अवजारांची पूजा होते. सायकलीच्या हँडलालाहि झेंडूची माळ चढते. माळ जरूर घालावी. पण तिच्या आदल्या रविवारीं घरांतील मुलामुलींना अंगणांत बसवावें, सायकल उलटी करावी, आणि परातींतील पाण्यांत पहिला बुडबुडा त्यांचा त्यांना शोधूं द्यावा. मग पुढें कधीं आष्टीच्या वाटेवर कांटा रुतला, तर तो अर्ध्या तासाचा खोळंबा ठरेल. शाळा तेवढ्यानें बुडणार नाहीं.