प्रवाळ दगड नव्हे, जीव आहे



हिंगोलीला समुद्र नाही.
आपलं पाणी पूर्णेचं, कयाधूचं, पैनगंगेचं.
पण सुट्टीत आपलीही मंडळी मालवणला जातात.
तिथं स्कुबा डायव्हिंग करतात.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ, पाण्याखाली प्रवाळ आहे.
१९८७ साली इथं सागरी अभयारण्य जाहीर झालं.

प्रवाळ खडकासारखं दिसतं.
पण लक्षात ठेवा,
प्रवाळ दगड नव्हे, जीव आहे.

मुगाच्या दाण्याएवढे जीव एकमेकांना चिकटून राहतात.
स्वतःसाठी चुन्याचा सांगाडा बांधतात.
त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल असतं.
ते उन्हावर अन्न तयार करतं,
आणि प्रवाळाला पुरवतं.
समुद्र फार तापला, की शैवाल निघून जातं.
प्रवाळ पांढरं पडतं.

प्रवाळाच्या कपारीत मासे राहतात.
उभ्या काळ्या पट्ट्यांचे मासे तर थेट तुमच्या मास्कसमोर येतात.
त्यांना बिस्किटं घालू नका.
त्यांचं खाणं समुद्रातच आहे.

पाण्याखाली बोलता येत नाही.
म्हणून खुणा आधीच शिकून घ्या.
अंगठा वर केला,
तर अर्थ ‘छान’ असा नाही.
अर्थ होतो, ‘वर चला’.
सगळं ठीक असेल,
तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करा.

दमा किंवा हृदयविकार असेल,
तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका.

आणि पुन्हा सांगते,
प्रवाळ दगड नव्हे, जीव आहे.
त्यावर पाय देऊ नका.
तुकडा तोडून घरी आणू नका.
तो कायद्यानं गुन्हा आहे.

डोळे भरून पाहा, हात मात्र लावू नका.