ताहितीचं पारडं आणि वर्ध्याचा कापूस

चक्रीवादळ म्हणजे आंध्रचं किंवा कोकणचं दुखणं, वर्ध्याला त्याचं काय, ही समजूत जिल्ह्यात अजून पक्की आहे. ती आता सोडावी. 26 सप्टेंबर 2021 रोजी ‘गुलाब’ वादळ आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला लागलं. तिथून तेलंगण, विदर्भ, मराठवाड्याकडे पाऊस घेऊन सरकलं आणि अरबी समुद्रात उतरून ‘शाहीन’ नावाने पुन्हा उठलं, थेट ओमानपर्यंत!

अशी वादळं एखाद्या वर्षी जास्त का होतात? 1904 ते 1924 या काळात भारतीय वेधशाळांचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर पावसाच्या अंदाजासाठी जगभरचे हवेच्या दाबाचे आकडे ताडून पाहत होते. प्रशांत महासागराकडे दाब चढला की हिंदी महासागराकडे उतरतो, हे त्यांनी दाखवून दिलं. कापूस मोजायच्या तराजूसारखंच हे. एक पारडं प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावर, दुसरं ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला. ताहितीचं पारडं जड झालं की वारे जोरात पश्चिमेकडे वाहतात, उबदार पाणी इंडोनेशियाकडे साचतं. हीच ला निना. तेव्हा ऑक्टोबर ते डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वादळांना बळ मिळतं. याच्या उलट स्थितीत, म्हणजे एल निनोत, ते सहसा घटतं. मात्र काटा एका दिवसात वाचायचा नसतो, महिन्यांची सरासरी बघावी लागते. आणि माल कुणाच्या दारात उतरणार, हे काटा सांगत नाही.

हिंदी महासागराचंही स्वतःचं गणित आहे. 2019 साली त्याचा पश्चिम भाग तापला आणि एरवी वर्षाला एखादं वादळ पाहणाऱ्या अरबी समुद्रात पाच उठली.

ला निनातला ऑक्टोबर ते डिसेंबरचा धोका पुन्हा सांगायला हवा, कारण तोच कानाआड होतो. ‘ला निना’ म्हटलं की शेतकरी फक्त जून-जुलैचा पाऊस विचारतो आणि पोळा झाला की विसरतो. धोका तर त्यानंतरचा! कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा, सीतादही, झालेली असते, बोंडं फुटलेली असतात. दोन दिवस भिजलं की कापूस पिवळट पडतो, सरकीला बोंडातच कोंब येतो, हिंगणघाटच्या बाजारात भाव उतरतो. अशा वर्षी दिवाळीच्या सुमारास नागपूरच्या हवामान केंद्राचा अंदाज रोज ऐकावा, फुटलेला कापूस आधी वेचून घ्यावा.

वेळ संपत आली. विषुववृत्तालगत ढग आणि पाऊस घेऊन फिरणाऱ्या मॅडन-ज्युलियन लहरीचं राहूनच गेलं. तीस ते साठ दिवसांनी ती फेरी घेते आणि बंगालच्या उपसागरावर आली की वादळाची शक्यता वाढते, एवढं तरी तूर्त टिपून ठेवावं.