तहान सोसणारे झाड

आज मी तुमच्याशी एका झाडाविषयी बोलणार आहे. हे झाड दाणा देत नाही, भाजी देत नाही, पूजेलाही लागत नाही. मग शेतकऱ्याच्या ओट्यावर नि शाळेच्या व्हरांड्यात त्याचे काय काम, असे तुम्ही विचाराल. तेच सांगतो.

या झाडाला स्नेक प्लांट म्हणतात. तालुक्याच्या रोपवाटिकेत याच नावाने मिळते. खोड दिसत नाही. जमिनीतून तलवारीसारखी जाड, ताठ पाने सरळ वर येतात. पानांवर सापाच्या अंगावर असावेत तसे गडद-फिके आडवे पट्टे असतात. काही जातींत पानाला पिवळी किनार असते. टोकदार पानामुळे कोणी गमतीने त्याला ‘सासूची जीभ’ही म्हणतात. सासूबाईंनी रागावू नये, नाव मी ठेवलेले नाही!

हे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेतले. सापाशी त्याचा संबंध पट्ट्यांपुरताच. त्याने साप येतही नाही आणि पळतही नाही.

माझी पहिली नेमणूक एका आडगावच्या दोनशिक्षकी शाळेत होती. दर पावसाळ्यात आम्ही मुलांकडून डब्यांत रोपे लावून घेत असू. गुलाब, मोगरा, तुळस. मुले जीव लावीत. मग मे महिन्याची सुट्टी लागे. गावाच्या विहिरीनेच तळ गाठलेला, तिथे शाळेच्या रोपांना कोण पाणी घालणार? जूनमध्ये कुलूप काढावे तो डब्यांत नुसत्या काड्या. तीन वर्षे असेच झाले. चौथ्या वर्षी एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, कशाला लावायचं? मरतंच की.” हे वाक्य मला फार लागले. झाडे लावण्याचा धडा शिकवायला निघालो आणि मुले भलताच धडा शिकली.

त्या वर्षी मी शहरातून पिवळ्या किनारीच्या स्नेक प्लांटची एक कुंडी आणली. मे गेला, जून आला. कुलूप काढले तेव्हा बाकीचे डबे नेहमीसारखे सुके, पण ही कुंडी जिवंत. पानांवर धूळ साचली होती, एवढेच. मुलांनी फडक्याने पाने पुसली, झाड पुन्हा चमकू लागले. मुलांना कोण आनंद!

पण गोष्ट इथे संपत नाही. त्या आनंदात जो तो पाणी घालू लागला. सकाळी एक तांब्या, मधल्या सुट्टीत एक तांब्या, वरून पावसाची झड. श्रावणात एके दिवशी पाहतो तो पाने आडवी पडलेली. बुडाशी हात लावला तर लिबलिबीत, नि कुजका वास. एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, “गुरुजी, आम्ही तर रोज पाणी घातलं!” मी म्हटले, “बाई, म्हणूनच ते गेलं.”

मंडळी, सगळे मर्म इथे आहे. हे झाड दुर्लक्षाने सहसा मरत नाही, ते लाडाने मरते. आपल्या घायपाताप्रमाणे नि कोरफडीप्रमाणे हे पाणी पानात साठवून ठेवते. शिवाय त्याची एक युक्ती आहे. पानाला बारीक छिद्रे असतात, त्यांतून झाड श्वास घेते आणि त्यांतूनच पाणी वाफ होऊन उडून जाते. बहुतेक झाडांची छिद्रे दिवसा, उन्हात उघडी असतात. हे झाड ती मुख्यतः रात्री, गारव्यात उघडते. त्यामुळे पाण्याची उधळपट्टी होत नाही. अशा काटकसरी झाडाच्या मुळाशी सदा चिखल ठेवला, तर मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात.

आता लावायचे कसे ते ऐका. मातीची कुंडी उत्तम. नसेल तर फुटकी बादली, गंजके घमेलेही चालेल. मात्र तळाला भोक हवेच. भोकावर खापरीचा तुकडा ठेवा. एक भाग माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत मिसळून भरा. निव्वळ काळी माती नको, ती पाणी धरून बसते. भांडे फार मोठेही नको.

पाणी केव्हा घालावे? बोट दोन पेरे मातीत खुपसा. ओल लागली तर तांब्या परत ठेवा. माती कोरडी लागली तरच पाणी घाला. साधारणपणे उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी, हिवाळ्यात महिन्यातून एकदा पुरते. पावसाळ्यात कुंडी छपराखाली घ्या. पाणी पानांच्या बेचक्यात न ओतता मातीवर ओता. जागा उजेडाची असावी. अंधाऱ्या कोपऱ्यात ते तगते, पण वाढत नाही. आतली कुंडी एकदम मे महिन्याच्या उन्हात ठेवली तर पाने करपतात. कडाक्याच्या थंडीत कुंडी रात्री आत घ्यावी. बेचक्यात पिठासारखा पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण समजावा. तो साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पुसून काढावा.

आता त्या कुजलेल्या झाडाचे पुढे काय झाले, ते सांगतो. शिक्षक मित्रांनी हे जरूर करून पाहावे. पानांचा वरचा भाग अजून घट्ट होता. तो कापून आम्ही चार-चार बोटांचे तुकडे केले, दोन-तीन दिवस सावलीत सुकू दिले आणि ओलसर वाळूत उभे रोवले. एका पोराने आपला तुकडा उलटा रोवला, वरची बाजू खाली. बाकीच्यांना दीड-दोन महिन्यांत मुळे फुटली, याचा तसाच राहिला. म्हणून कापतानाच खालच्या बाजूला तिरका काप द्यावा, म्हणजे ओळख राहते. संक्रांतीच्या सुमारास वाळूतून हिरवे कोंब वर आले. पण मुलांनी लगेच विचारले, “गुरुजी, पिवळी किनार कुठं गेली?”

प्रश्न रास्त होता. पिवळी किनार हा पानातल्या पेशींचा वेगळा थर असतो. पानाच्या तुकड्यातून येणारा नवा कोंब आतल्या हिरव्या पेशींतून निघतो, म्हणून तो साधा हिरवाच येतो. किनार हवी असेल तर केळीचा मुनवा काढतो तसा बुडाशी फुटलेला मुनवा गड्ड्याच्या तुकड्यासह, मुळांसकट काढून लावावा. वर्गात फळ्यावर काढलेल्या चित्रापेक्षा हे शिकवणे जास्त दिवस लक्षात राहते.

आता सावधगिरीच्या दोन गोष्टी. पहिली ही की, हे पान खाण्याचे नाही. चघळले तर उलटी, मळमळ होते. म्हणून रांगत्या मुलाच्या हाताशी आणि शेरडा-करडांच्या तोंडाशी कुंडी ठेवू नका.

दुसरी गोष्ट अशी. हे झाड खोलीत ठेवले की हवा शुद्ध होते, रात्री भरपूर प्राणवायू मिळतो, असे सांगून ते विकतात. 1989 साली अमेरिकेच्या नासा संस्थेने बंद पेट्यांत झाडे ठेवून प्रयोग केले होते, त्यांवरून ही समजूत पसरली. पण घर म्हणजे बंद पेटी नव्हे. 2019 साली अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. उघड्या खिडकीइतका गुण यायला खोलीत पाय ठेवायला जागा उरणार नाही इतकी झाडे लागतील, असे त्यातून दिसले. तेव्हा चुलीच्या धुराला झाड हा उपाय नव्हे. त्याला खिडकी नि धुराडेच हवे. झाड लावावे ते डोळ्यांच्या सुखासाठी.

आणि ते अगदी परकेही मानू नका. याच कुळातली एक जात आपल्या देशातली आहे. तिच्या पानांतून चिवट, पांढरा वाख निघतो. धनुष्याच्या दोरीला संस्कृतात ‘मौर्वी’ म्हणतात, ते मूर्वा या वनस्पतीवरून. जुन्या ग्रंथांतली मूर्वा नेमकी कोणती याविषयी मतभेद आहेत, पण ज्या वनस्पतींची नावे घेतात त्यांत ही आहे. चिवटपणा या घराण्यातच आहे म्हणा ना!

शेवटी एकच सांगणे. ‘मरतंच की’ म्हणणारा तो मुलगा सातवी होऊन शाळा सोडताना एक मुनवा मागून घेऊन गेला. तुमच्या गावच्या शाळेतही अशी एक कुंडी असू द्या. जूनमध्ये कुलूप निघेल तेव्हा मुलांना निदान एक झाड जिवंत दिसले पाहिजे. एक जगले, की मग दुसरे लावायला हात आपोआप पुढे येतो.