चष्म्याचे भिंग निवडताना

राजगडाच्या पायथ्याशी वसलेल्या पालीसारख्या गावातून चष्म्यासाठी शहराची वाट धरणाऱ्या माणसाला दुकानदार जेव्हा पॉलिकार्बोनेटच्या भिंगाची शिफारस करतो, तेव्हा जादा किमतीच्या मोबदल्यात नेमके काय पदरी पडते, याचा खुलासा त्याने अवश्य मागावा. हे भिंग आघाताने सहसा फुटत नाही, अतिनील किरण अडवते आणि वजनाला हलके असते. म्हणून लाकूड फोडणाऱ्यांसाठी, आणि विशेषतः मुलांसाठी, त्याचे मोल निर्विवाद आहे.

दृष्टीच्या निर्मळतेचा प्रश्न मात्र निराळा. भिंग प्रकाशातील रंग किती विलग करते, हे जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांच्या नावाच्या अंकाने मोजतात; अंक जितका मोठा, तितका हा दोष अल्प. साध्या सीआर-३९ प्लास्टिकचा अंक सुमारे ५८, ट्रायव्हेक्स नावाच्या प्लास्टिकचा सुमारे ४४, तर पॉलिकार्बोनेटचा अवघा ३०. त्यामुळे नंबर मोठा असल्यास भिंगाच्या कडेने पाहताना अक्षरांना रंगीत झालर दिसते. नंबर लहान असेल, तर ही तफावत सहसा जाणवतही नाही.

केवळ पोथी वा वर्तमानपत्र वाचणाऱ्या वृद्धांनी, माझ्या मते, साधे प्लास्टिकच घ्यावे. पॉलिकार्बोनेट घेणाऱ्यांनी, त्याचा पृष्ठभाग मूळचा मऊ असल्याने, त्यावर कठीण लेप असल्याची खातरजमा करावी, आणि धूळ कोरड्या उपरण्याने न पुसता आधी पाण्याने धुवावी.