इम्प्लांटवर कुठले दात बसवायचे?

आज थोडं दातांविषयी.

इम्प्लांट म्हटलं की आपण स्क्रूची चौकशी करतो. कुठल्या कंपनीचा, केवढ्याला, दुखेल का? पण स्क्रू हाडात जातो. आपण जेवतो ते त्याच्यावर बसवलेल्या दातांनी. आणि ते दात कुठले, हे स्क्रू घालायच्या आधी ठरवावं लागतं, कारण स्क्रू किती आणि कुठे घालायचे हे त्यावरच अवलंबून असतं.

माझी आई 76 वर्षांची. सहा महिने नाशिकला, सहा महिने आमच्याकडे न्यू जर्सीत. वरची कवळी टाळूला धरून बसते, पण खालची जीभ हलली की उचलायची. आई भाकरी दुधात कुस्करून खायला लागली. मग लोकांत जेवायला बसणंच टाळायला लागली. तेव्हा आम्ही इम्प्लांटचं मनावर घेतलं.

मी सवयीप्रमाणे एक्सेल शीट केली. पहिला पर्याय, दोन इम्प्लांट आणि त्यावर टिचबटणासारखी बसणारी, रोज काढता येणारी कवळी. दुसरा, चार किंवा जास्त इम्प्लांटवर कायमचे बसवलेले ॲक्रिलिकचे दात. हे झिजतात, तुटतात, पण दुरुस्तही होतात. तिसरा, तसेच कायमचे, पण झिर्कोनियाचे. मजबूत आणि दिसायला सुंदर, पण तडा गेला तर बहुधा सगळंच नवीन करावं लागतं. किंमत, टिकाऊपणा, दिसणं, सगळे रकाने भरले. झिर्कोनिया पक्का केला. आईसाठी काटकसर कशाला?

नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी शीट पाहिली आणि आईच्या हातात एक नमुन्याचा जबडा आणि बारीक ब्रश दिला. "आजी, दाताखालून फिरवून दाखवा." आईची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. ब्रश आत जाईना. तो रकाना माझ्या शीटमध्ये नव्हता.

इम्प्लांट किडत नाही, पण त्याच्याभोवती घाण साचली तर हिरडी सुजते, हाड झिजतं आणि चांगला बसलेला इम्प्लांटही जातो. आई म्हणाली, "रोज धुवायचे मला आहेत ना? मग मला धुता येतील तेच दे."

आम्ही पहिला पर्याय घेतला. तो कमी प्रतीचा नाही. 2002 साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालचे सगळे दात गेलेल्यांसाठी नुसत्या कवळीऐवजी दोन इम्प्लांटवरची कवळीच पहिली सुचवली होती. तिच्या आतल्या नायलॉनच्या चकत्या कमी-जास्त घट्ट मिळतात. आईला सैलसर लावल्या, म्हणजे तिच्या बोटांनी निघतील. त्या झिजतात आणि बदलाव्या लागतात, पण ते काम थोडक्या वेळाचं आहे.

आपल्यापैकी बरेच जण भारतात जाऊन इम्प्लांट करून घेतात. मधे हाड धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, म्हणजे दोन फेऱ्या धरा. आणि माझी चूक करू नका. माझी एक दाढ पुण्यात बसवलेली. इथे आल्यावर आतला स्क्रू सैल झाला. कॅप सिमेंटने चिकटवलेली होती, ती कापावी लागली. इथल्या डेंटिस्टने कंपनी आणि माप विचारलं, तर माझ्याकडे कागदच नव्हता. प्रत्येक कंपनीचे भाग आणि पाने वेगळे असतात.

म्हणून आधी तीन गोष्टी विचारा. हे रोज साफ कोण करणार, आणि कसं? बिघडलं तर उघडता येईल का, म्हणजे कॅप स्क्रूची की सिमेंटची? आणि कंपनी, मॉडेल, माप, लॉट नंबर लिहिलेलं कार्ड मिळेल ना? त्या कार्डाचा फोटो मुलांच्या फोनमध्येही ठेवा.

आई सध्या इथेच आहे. रात्री कवळी काढते, धुते, वाटीत ठेवते. गेल्या रविवारी आमच्याकडे दहा माणसं जेवायला होती. आई सगळ्यांबरोबर बसली आणि बाजरीची भाकरी कोरडीच खाल्ली.