डेडलाइन : एक लाकडी कठडा

‘उद्या डेडलाइन आहे’ हे वाक्य हल्ली कचेरीत, कॉलेजात, वर्तमानपत्रांच्या कार्यालयांत सारखं कानावर पडतं. काम पुरं करायची शेवटची वेळ, असा अर्थ आपण धरतो. पण मुळात डेडलाइन ही जमिनीवरची खरीखुरी हद्द होती, आणि तिच्यावर माणसं मारली गेली.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ साली, दक्षिणेकडच्या सरकारने जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांची छावणी उघडली. भोवती पाइनच्या ओंडक्यांचं उंच कुंपण. त्याच्या आत काही फुटांवर खुंट रोवून त्यांवर पट्ट्या ठोकलेल्या. हा ठेंगणा कठडा म्हणजे डेडलाइन. कैद्याने तो ओलांडला, की मचाणावरच्या पहारेकऱ्याने गोळी घालायची.

छावणीतून एक ओढा वाहत होता. पिण्याचं पाणी तेच, धुण्याचं तेच, आणि शौचालाही त्याच ओढ्याकाठी बसायचं. त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी मिळे ते ओढा कुंपणातून आत शिरे तिथे, डेडलाइनला लागून. तहानलेला कैदी भांडं जरा पुढे सरकवी, हात कठड्यापलीकडे जाई आणि गोळी सुटे. छावणीचा अधिकारी हेन्री वर्झ याच्यावरच्या खटल्यात अशा साक्षी झाल्या. नोव्हेंबर १८६५मध्ये तो फासावर गेला. गोळीपेक्षा अतिसाराने आणि स्कर्व्हीने कितीतरी अधिक माणसं दगावली, हेही सांगायला हवं. सुमारे ४५ हजार कैद्यांपैकी जवळजवळ १३ हजार तिथेच मेले.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन वृत्तपत्रांत बातमी देण्याच्या शेवटच्या वेळेला डेडलाइन म्हणू लागले, आणि तिथून हा शब्द जगभर गेला.

हद्दीसाठी आपल्याकडे लक्ष्मणरेषा आहे. तीही जमिनीवरच आखलेली, पण आतल्या माणसाच्या रक्षणासाठी. लाक्षणिक अर्थाने आजही ती वागण्याच्या मर्यादेलाच लागते, वेळेला नाही. वेळेसाठी आपल्याकडे मुदत आहे. मुदत देतात, मागतात, अडचण खरी असली तर वाढवूनही मिळते. सरकारी परिपत्रकांत मुदतवाढ तर नेहमीचीच. अँडरसनव्हिलचा तो ओढा वाचनात आल्यापासून हाताखालच्या मुलांना काम सोपवताना मी ‘मुदत’च म्हणते, आणि ती कुणाला पुरत नसेल तर आधी येऊन सांगा, असंही सांगते.